काचबिंदूवरील लेसर उपचार : शब्द आणि वस्तुस्थिती

मराठी बोलणारा मनुष्य डोळ्यांच्या दोन विकारांना एकाच साच्यातील नावे देतो : मोतीबिंदू आणि काचबिंदू. नावे जुळी आहेत. विकार मात्र एकमेकांपासून अगदी भिन्न आहेत. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. ते काढून त्याच्या जागी कृत्रिम भिंग बसविले म्हणजे, डोळ्याचे बाकीचे भाग निरोगी असल्यास, मंदावलेली दृष्टी परत येते. काचबिंदूत काढून टाकण्याजोगे असे काहीच नसते, आणि गेलेली दृष्टी कोणत्याही उपायाने परत येत नाही. तथापि ज्याने शेजाऱ्याचा मोतीबिंदू ‘काढलेला’ पाहिला आहे, तो आपला काचबिंदूही तसाच काढला जाईल अशी अपेक्षा बाळगून दवाखान्यात जातो. ही अपेक्षा त्याच्या अज्ञानातून जितकी उद्भवते, तितकीच ती शब्दांच्या सादृश्यातूनही उद्भवते. काचबिंदूवरील लेसर उपचारास गेल्या काही वर्षांत जे नवे महत्त्व प्राप्त झाले आहे, त्यामुळे हा प्रश्न केवळ कोशकारांचा राहिलेला नाही. प्रस्तुत लेखक भाषाविज्ञानाचा अभ्यासक आहे, वैद्य नव्हे. परंतु ह्या उपचारात नेमके काय घडते हे मराठीत सांगावयाचे झाल्यास शब्दांची झडती घेतल्यावाचून गत्यंतर नाही, असे त्याच्या अनुभवास आले आहे.

प्रथम नावांविषयी थोडेसे. ‘काच’ ही संज्ञा आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत आढळते; पण तेथे ती ‘तिमिर’ ह्या विकाराची पुढची पायरी दर्शविते, आणि त्याही पुढची अवस्था म्हणजे ‘लिंगनाश’. ही मालिका आजच्या मोतीबिंदूच्या अधिक जवळची आहे. ज्याला आज आपण अकस्मात उद्भवणारा काचबिंदू म्हणू, त्याच्याशी जुळणारे वर्णन सुश्रुतसंहितेत ‘अधिमंथ’ ह्या निराळ्याच नावाखाली येते : डोळा घुसळला जात आहे असे वाटावे अशी वेदना आणि तिच्याबरोबर अर्धे डोके दुखणे. म्हणजे ‘काच’ हा शब्द एका रोगावरून दुसऱ्या रोगावर सरकला आहे. असे सरकणे केवळ आपल्याकडेच झाले असे नाही. ‘ग्लॉकोमा’ हा शब्द ज्या ग्रीक विशेषणापासून आला, त्याचा अर्थ निळसर-करडा किंवा हिरवट चमक असलेला असा होतो. उत्तरकालीन ग्रीक वैद्य ह्या नावाने भिंगाचाच एक असाध्य विकार ओळखीत. अठराव्या शतकाच्या प्रारंभी फ्रान्समध्ये ब्रिसो व मेत्र-झाँ ह्यांनी मोतीबिंदू म्हणजे भिंगाचीच गढूळता हे दाखवून दिले, तेव्हा ‘ग्लॉकोमा’ हे नाव जणू बेघर झाले आणि कालांतराने ते आजच्या रोगास चिकटले. जर्मन भाषेत मोतीबिंदूला करडा आणि काचबिंदूला हिरवा म्हणतात, अरबीत पांढरे पाणी आणि निळे पाणी. हिंदीत सफेद मोतिया आणि काला मोतिया. इतक्या भाषांनी ह्या दोन रोगांना एकाच नामाची दोन विशेषणे करून ठेवावे ही गोष्ट लक्षणीय आहे. गुजरातीतील ‘झामर’ हा शब्द तेवढा ह्या जोडीबाहेर उभा आहे, आणि ह्या बाबतीत गुजराती रोगी आपल्याहून सुदैवी होय असे म्हणण्यास हरकत नाही.

आता वस्तुस्थितीकडे वळू. डोळ्याच्या पुढील भागात एक स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो. त्याला येथे नेत्रजल म्हणू. (हे अश्रू नव्हेत, अश्रू डोळ्याच्या बाहेरच्या अंगास असतात, आणि ‘डोळ्यातील पाणी’ म्हटल्याबरोबर मराठी मनाला अश्रूच आठवतात, म्हणून ही सूचना.) परितारिकेच्या, म्हणजे डोळ्यातील रंगीत पडद्याच्या, मागे असलेले एक वलय हा द्रव मिनिटाला सुमारे दोन ते अडीच मायक्रोलिटर ह्या गतीने स्रवते. बाहुलीतून तो पुढे येतो आणि जेथे परितारिका व स्वच्छमंडल एकमेकांस भेटतात त्या कोनातून बाहेर पडतो. ह्या कोनात एक सूक्ष्म जाळी असते. तिच्यातून झिरपून नेत्रजल एका वर्तुळाकार नलिकेत आणि तेथून रक्तवाहिन्यांत जाते. जितके येते तितके गेले पाहिजे. जाळीतून जाण्यास अडथळा वाढला की डोळ्यातील दाब वाढतो. सर्वसाधारणपणे हा दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांच्या दरम्यान असतो.

वाढलेल्या दाबाचा आघात होतो तो मागे, दृक्‌तंत्रिकेच्या मुखाशी. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या ह्या तंत्रिकेत दहा लाखांहून अधिक तंतू असतात आणि ते हळूहळू, बहुधा वेदनेवाचून, मरत जातात. दृष्टीच्या क्षेत्राच्या कडा प्रथम झिजतात. मधली दृष्टी शेवटपर्यंत शाबूत राहत असल्याने रोगी वाचतो, सुईत दोरा ओवतो, आणि आपले काही हरवले आहे हे त्याच्या ध्यानीही येत नाही. आंध्र प्रदेशातील व तमिळनाडूतील मोठ्या लोकसंख्या-सर्वेक्षणांत ज्यांना हा रोग आढळला, त्यांच्यापैकी दहांतील नऊंहून अधिकांना तो आपल्याला आहे हे ठाऊक नव्हते. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दाब आणि काचबिंदू हे समानार्थी शब्द नव्हेत. दाब २१च्या आत असूनही तंत्रिका झिजणारे रोगी आहेत, आणि दाब चढा असूनही वर्षानुवर्षे सुरक्षित राहणारे लोकही आहेत. मग सारा भर दाबावरच का? कारण ह्या रोगाच्या कारणांपैकी आज आपल्या हाती येणारे, बदलता येणारे असे ते एकच आहे. स्वीडनमधील माल्मो व हेलसिंगबोर्ग येथील २५५ रोग्यांवर झालेल्या आणि इ. स. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसून आले, की दाबात होणाऱ्या प्रत्येक मिलिमीटर घटीमागे रोग पुढे सरकण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी होतो. म्हणून वैद्य प्रत्येक रोग्यासाठी एक ‘लक्ष्यदाब’ ठरवितो आणि त्याच्या खाली राहण्याचा प्रयत्न करतो.

ह्यासाठी रूढ मार्ग म्हणजे थेंब. टिमोलॉल हे औषध इ. स. १९७८ पासून आणि लॅटॅनोप्रोस्ट १९९६ पासून वापरात आहे; दोन्ही गुणकारी आहेत. परंतु ज्या रोगात काहीही दुखत नाही, त्यासाठी जन्मभर रोज, ठरल्या वेळी, औषध घालावयाचे, आणि घालून काही बरे वाटत नाही, उलट डोळा लाल होतो! मनुष्यस्वभावाकडे पाहता थेंब चुकतात, मग विसरतात, मग बाटली संपल्यावर नवी आणली जात नाही. टिमोलॉल दम्याच्या रोग्यास तर वर्ज्यच आहे.

लेसर उपचाराचा इतिहास सरळ रेषेत गेलेला नाही, आणि तो सांगण्यासारखा आहे. ‘लेसर’ हा शब्द म्हणजे एका लांबलचक इंग्रजी वर्णनातील आद्याक्षरांची जुळणी. थिओडोर मैमन ह्यांनी माणकाच्या स्फटिकातून असा प्रकाश प्रथम इ. स. १९६० मध्ये मिळविला. डोळा हे प्रकाशासाठीच घडलेले इंद्रिय. प्रकाश त्याच्या आत कापाकापीवाचून जातो. तेव्हा नेत्रवैद्यांनी ह्या साधनाकडे लवकर धाव घेतली ह्यात नवल नाही. इ. स. १९७३ मध्ये मॉस्कोचे क्रास्नोव्ह ह्यांनी कोनातील जाळीला लेसरने छिद्रे पाडण्याचा मार्ग मांडला. कल्पना अगदी स्वाभाविक होती : गटार तुंबले आहे, तर भोक पाडा. परंतु शरीर ही निर्जीव नळी नव्हे, भोके बुजतात. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, अमेरिकेत गास्टरलँड व कुप्फर ह्यांनी माकडांच्या जाळीवर आर्गॉन लेसरचा भडिमार केला. त्यांना दाब उतरवावयाचा नव्हता. संशोधनासाठी प्रायोगिक काचबिंदू निर्माण करावयाचा होता, आणि तो झालाही. ज्या साधनाने रोग बरा करावयाचा, त्याच साधनाने रोग उत्पन्न होतो असे एव्हाना सिद्ध झाले होते. एखाद्याने येथेच हा विषय सोडून दिला असता तर त्याला दोष देता आला नसता.

इ. स. १९७९ मध्ये वाइज व विटर ह्यांनी तो सोडला नाही. त्यांनी छिद्रे पाडण्याचा विचार टाकून दिला आणि जाळीवर एकमेकांपासून अंतर राखून बारीक डाग दिले. प्रत्येक डाग ५० मायक्रॉन रुंदीचा, प्रत्येक झोत एक दशांश सेकंदाचा. दाब उतरला. त्यांचे स्पष्टीकरण असे होते, की डागाच्या जागी ऊती आक्रसते, त्यामुळे जाळीचे वलय ताणले जाते, आणि दोन डागांमधील फटी रुंद होतात. आपल्याकडे वाळत घातलेल्या ओल्या जाळ्याला मधूनमधून गाठी मारल्या तर उरलेली भोके ओढली जाऊन उघडतात, तसे काहीसे. स्पष्टीकरण पूर्ण खरे ठरले नाही. पेशींच्या पातळीवरील बदलांचाही त्यात वाटा असावा असे पुढे मानले गेले. उपचार मात्र टिकला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात २७१ रोग्यांच्या एका डोळ्यास प्रथम लेसर व दुसऱ्यास प्रथम टिमोलॉल देण्यात आले. लेसर थेंबांच्या निदान बरोबरीचा ठरला. असे असूनही तो आरंभीचा उपचार झाला नाही. डागांनी जाळीस कायमची इजा होते, परिणाम काही वर्षांत ओसरतो आणि पुन्हा तोच उपचार करणे धोक्याचे ठरते. शिवाय लवकरच अधिक प्रभावी थेंब बाजारात आले.

पुढची पायरी एका भौतिक तत्त्वातून आली, आणि येथे ‘सिलेक्टिव्ह’ हा शब्द येतो. भर उन्हात काळे व पांढरे कापड शेजारी ठेवले तर काळे तापते. परंतु पुष्कळ वेळ ठेवले तर काळ्याची धग पांढऱ्यासही लागते. ऊन क्षणात काढून घेता आले तर? तर काळे तापेल आणि शेजारचे थंडच राहील. अँडरसन व पॅरिश ह्यांनी १९८३ मध्ये हे तत्त्व त्वचेच्या संदर्भात मांडले. जाळीतील काही पेशींत मेलॅनिन हे काळसर रंगद्रव्य असते आणि त्यातील उष्णता शेजारी पसरण्यास सुमारे एक मायक्रोसेकंद लागतो. झोत त्याहून पुष्कळ आखूड असेल तर केवळ रंगद्रव्ययुक्त पेशींवर परिणाम होईल. लॅटिना व पार्क ह्यांनी १९९५ मध्ये प्रयोगशाळेतील पेशींवर हे दाखविले. त्यासाठी वापरलेला हिरवा प्रकाश ५३२ नॅनोमीटरांचा आणि झोत काही नॅनोसेकंदांचा होता. आजच्या यंत्रांतील झोत साधारण तीन नॅनोसेकंदांचा असतो, म्हणजे वाइज व विटर ह्यांच्या झोताहून सुमारे तीन कोटी पटींनी आखूड. ठिपका मात्र ४०० मायक्रॉनचा, क्षेत्रफळाने चौसष्ट पट मोठा. अमेरिकेत ह्या उपचारास २००१ मध्ये मान्यता मिळाली. तेव्हा ‘सिलेक्टिव्ह’ म्हणजे निवडक रोग्यांसाठीचा उपचार नव्हे. निवड होते ती पेशींची. ह्या विशेषणाचे ‘निवडक’ असे भाषांतर करणाऱ्याने हा घोटाळा आधीच ओळखून ठेवावा. ‘रंगपेशीलक्ष्यी’ हा शब्द मला अधिक अचूक वाटतो. तो बोजड आहे हे मान्य. नावाचा उरलेला भागही बोलका आहे. जाळीसाठी वापरलेला ‘ट्रॅबेक्युला’ हा लॅटिन शब्द म्हणजे लहानशी तुळई, आणि अंती असलेला ग्रीक प्रत्यय घडविण्याचा अर्थ सांगतो. तुळयांची घडण बदलणे हा अर्थ जुन्या डागांच्या उपचारास शोभत होता. नव्या उपचारात तुळया जवळजवळ जशाच्या तशा राहतात. पेशींना चेतविले जाते, त्या काही रासायनिक संदेश सोडतात, भक्षकपेशी येऊन जाळी साफ करतात आणि नेत्रजल अधिक सहज झिरपू लागते, असे सामान्यतः मानले जाते. नाव जुन्या कल्पनेचे, काम नव्या कल्पनेचे. भाषेत हे नेहमीचेच.

प्रत्यक्ष उपचार थोडक्यात सांगता येण्याजोगा आहे. बधिर करणारा थेंब घालतात, रोगी यंत्रासमोर हनुवटी टेकून बसतो, डोळ्यावर आरशाचे भिंग ठेवतात, कारण कोन समोरून दिसत नाही, तो आरशातूनच पाहावा लागतो. मग जाळीच्या अर्ध्या किंवा पूर्ण वर्तुळावर पन्नास ते शंभर झोत. झोताची शक्ती बहुधा एक मिलिज्यूलच्या आगेमागे. जाळीपाशी बारीक बुडबुडे दिसू लागले की ती पुरेशी आहे असे समजतात. गडद रंगाच्या जाळीत, आणि भारतीय डोळ्यांत ती पुष्कळदा गडद असते, शक्ती कमी ठेवावी लागते. काही मिनिटांत काम संपते. काही रोग्यांत दाब तात्पुरता वाढतो, म्हणून तो पुन्हा मोजतात. एक-दोन दिवस डोळा किंचित लाल राहतो. दाब खरोखर किती उतरला हे समजण्यास चार ते आठ आठवडे लागतात. उतार बहुधा २० ते ३० टक्क्यांचा असतो. काहींच्या बाबतीत तो मुळीच होत नाही.

लेसर हा थेंबांनी काम न भागल्यावर योजावयाचा उपाय, ही समजूत बदलली ती प्रामुख्याने इंग्लंडमधील एका प्रयोगामुळे. त्यात २०१२ ते २०१४ ह्या काळात ७१८ नव्या रोग्यांना घेऊन, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने, निम्म्यांना प्रथम लेसर व निम्म्यांना प्रथम थेंब देण्यात आले. गझ्झार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये तीन वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रयोगाचा मुख्य प्रश्न रोग्याच्या एकंदर जीवनमानाचा होता, आणि त्या प्रश्नाचे उत्तर ‘फरक नाही’ असे आले. ही गोष्ट उत्साहाच्या भरात वगळली जाते म्हणून मुद्दाम नमूद करतो. परंतु लेसर घेतलेल्यांपैकी ७४.२ टक्के रोगी तीन वर्षांनंतर एकही थेंब न घालता लक्ष्यदाबाच्या आत होते. दाब उतरविण्याची शस्त्रक्रिया थेंबांच्या गटातील ११ जणांवर करावी लागली, लेसरच्या गटात कोणावरही नाही. सहा वर्षांनंतर थेंबांवाचून राहिलेल्या डोळ्यांचे प्रमाण ६९.८ टक्के होते. रोग पुढे सरकलेले डोळे लेसर गटात १९.६ टक्के व थेंबांच्या गटात २६.८ टक्के होते. २०२२ पासून इंग्लंडच्या अधिकृत मार्गदर्शनात हा लेसर आरंभीचा उपचार म्हणून सुचविला जातो.

आपल्या दृष्टीने टांझानियातील प्रयोग अधिक विचारार्ह वाटतो. मोशी येथील रुग्णालयात, जेथे रोगी उशिरा येतात आणि औषध सातत्याने मिळणे कठीण असते, लेसर व टिमोलॉल ह्यांची तुलना करण्यात आली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षाअखेर लेसरचे यश ६१ टक्के डोळ्यांत व टिमोलॉलचे ३१ टक्के डोळ्यांत दिसले. यंत्र महाग असते हे खरे. पण एक यंत्र शेकडो रोग्यांना पुरते, आणि थेंबांची बाटली प्रत्येकाला दरमहा लागते. तालुक्याच्या गावाहून एस.टी.ने येणाऱ्या रोग्याचा विचार करता हा हिशेब क्षुल्लक नाही.

हे सारे खुल्या कोनाच्या काचबिंदूविषयी झाले. ज्यांचा कोनच अरुंद किंवा बंद असतो, त्यांच्या जाळीपर्यंत झोत पोचत नाही. अशांसाठी निराळा लेसर परितारिकेत सूक्ष्म छिद्र पाडतो. ‘लेसर केला’ एवढेच सांगणारा रोगी ह्यांपैकी कोणता उपचार घेऊन आला हे दुसऱ्या वैद्यास कळत नाही. दोहोंना एकच शब्द असणे गैरसोयीचे आहे. केवळ संशयावरून सरसकट असे छिद्र पाडावे काय, ह्याचे उत्तर ग्वांगझौ येथील ८८९ जणांवरील प्रयोगाने २०१९ मध्ये बरेचसे नकारार्थी दिले, कारण उपचार न केलेल्या डोळ्यांतही धोका फारच थोडा आढळला. ज्यांच्या डोळ्यात दाह आहे किंवा कोनात नव्या रक्तवाहिन्या वाढल्या आहेत, त्यांना जाळीवरील लेसर सामान्यतः देत नाहीत.

ह्यापुढे प्रश्न राहतो तो सांगण्याचा. आमच्या नात्यातील एक वृद्ध गृहस्थ हा उपचार घेऊन आल्यावर दोन महिन्यांनी सर्वांना सांगत होते, की लेसर फुकट गेला, पूर्वीइतकेच दिसते. त्यांचा दाब २६ वरून १८ वर आला होता. पूर्वीइतकेच दिसणे हाच त्या उपचाराचा हेतू, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते असे नाही. ‘काचबिंदूसाठी लेसर यशस्वी झाला’ असे सांगितले होते, आणि ‘यशस्वी’ ह्या शब्दाचा अर्थ त्यांनी पत्नीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेवरून घेतला होता. परिणामी पुढील तपासणीस जाण्याची त्यांना आवश्यकता वाटली नाही. ह्याच्या उलट चूकही तितकीच आढळते : लेसर झाला, रोग गेला, आता तपासणी कशाला? दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात. लेसरचा परिणाम वर्षागणिक ओसरतो, तो ओसरल्याचे डोळ्याला कळत नाही, आणि ओसरलेला वेळीच आढळला तरच उपचार पुन्हा करता येतो. नव्या पद्धतीचा हा मोठा लाभ, जुन्या डागांच्या पद्धतीत तो नव्हता, आणि नेमका तोच वाया जातो.

बोलीत ‘लेसर मारला’ असा प्रयोग रूढ झाला आहे. त्यात काहीतरी मारले, नष्ट केले असा ध्वनी आहे. तो बदलण्याची आज्ञा कोणी करू शकत नाही, आणि करूही नये; बोलणारे आपले शब्द आपणच ठरवितात. पण दवाखान्यातून रोग्याच्या हाती जो मराठी कागद दिला जातो, त्यावर आपले नियंत्रण आहे. त्यावर ‘काचबिंदू काढला’ असे कोठेही असू नये, ‘दाब उतरविण्यासाठी जाळीवर लेसर’ असे असावे. कोणत्या डोळ्यास, किती वर्तुळावर, हे असावे. आणि तीन आकडे असावेत : उपचारापूर्वीचा दाब, उपचारानंतर सहा आठवड्यांचा दाब आणि वैद्याने ठरविलेला लक्ष्यदाब. रक्तदाबाचे आकडे आपल्याकडील कमी शिकलेली माणसेही वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात व एकमेकांना सांगतात; डोळ्याच्या दाबाचे आकडे त्यांना सांगितलेच जात नाहीत. ह्या कागदाचा एक मसुदा विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी नेत्रवैद्यांच्या साहाय्याने तयार करावा आणि तो प्रत्यक्ष रोग्यांना वाचून दाखवून कोठे अडते ते टिपावे, अशी सूचना आहे. ‘लक्ष्यदाब’ हा शब्द तेथे टिकेल किंवा नाही ह्याविषयी मी स्वतः साशंक आहे. ‘ह्याच्या वर जाऊ नये’ असे साधे वाक्य कदाचित अधिक चालेल.